जा म्हणू नये

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची. नातीने बसस्टँडवरून स्कूटरवर आणलं. पुढे ती, मागे मी, मांडीवर ट्रंक. विमान शिकायच्या शाळेत ती शिकवते आणि तिथल्या कँटीनचा चहा आजपासून माझ्याकडे. आधीचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. विमानं दोन-दोन माणसांची, खेळण्यातल्यासारखी. खिडकीसमोरच धावपट्टी. सुनांपेक्षा बरी सोबत. आवाज करतात, पण टोमणे मारत नाहीत.

बुधवार, ५
नातीने समजावलं. उतरताना वारा आडवा आला किंवा पट्टीवर काही दिसलं, तर चाकं न टेकवता पुन्हा वर जायचं. त्यात कमीपणा नाही म्हणाली. पण तेव्हा विमान मंदावलेलं असतं, घाईने नाक उचललं की धोंड्यासारखं खाली. म्हटलं, म्हणजे दारातून परत फिरायचं आणि पायरीवर आपटायचं. खूप हसली.

शनिवार, ८
कँटीनच्या रेडिओवर विमानातल्यांचं बोलणं ऐकू येतं, त्यावर दुपारी चारला कुणी बाप्या बोलला, परत येतो. आभाळ रिकामं. चहा पिणारे सगळे कपात बघायला लागले, जशी काही माशीच पडली. मेकॅनिकला कोपऱ्यात घेतलं. म्हणाला, दातांचा डॉक्टर होता, पन्नाशीत हौसेने शिकायला आलेला. गेल्या वर्षी टेकता टेकता विमान उचललं आणि झाडांपलीकडे पडला. शेवटचे शब्द हेच. तेव्हापासून अधूनमधून असाच येतो.
येणारच. निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आपणच शिकवतो ना.

सोमवार, १०
चारच्या सुमाराला एका शिकणारीने चाकं टेकणार तोच विमान वर उचललं. पंख घासला, उलटं झालं. तिचा हात मोडला. रडत सांगत होती, पट्टीवर आधीच एक विमान उभं होतं. मी खिडकीतच होते. पट्टीवर कुत्रंसुद्धा नव्हतं.
शाळेच्या साहेबाने अपघाताचा फॉर्म भरला. चालकाची चूक. वर्षात पडलेलं हे तिसरं विमान आणि तिन्ही फॉर्मवर तेच. तडक ऑफिसात गेले, म्हटलं पट्टी बंद करा. साहेब म्हणाला, आजी, तुम्ही चहाचं बघा. त्याच्या चहात थुंकायला हवं होतं. राहून गेलं.

मंगळवार, ११
नातीला म्हटलं, सोड ही नोकरी, तुझं मढं बघायला मी नाही आले. म्हणाली, मी सोडली तर नवख्यांनी कुणाच्या भरवशावर उडायचं? हट्टीपणा माझाच, तक्रार कुणाकडे करू. निघताना येते म्हणाली. आज तो शब्द कानाला टोचला.

गुरुवार, १३
पुन्हा चार. पुन्हा तो. छपरावरून इंजिन गेलं, बशा थरथरल्या, आभाळात काही नाही. साहेबाने उठून रेडिओ बारीक केला. बस. एवढंच केलं. निर्लज्ज.

शुक्रवार, १४
दुरुस्तीहून आलेलं दुसरं एक विमान उडवून बघून नात उतरत होती. एकटी. चारलाच. खालून विमानांशी बोलणारा रेडिओवाला चहाला आला, त्याचा बोलायचा रेडिओ टेबलावर ठेवला. त्यातून हा— परत येतो. डोकं फिरलं. बटण दाबून ओरडले, मेल्या, किती छळशील, जा! जा वर!
तो गप्प झाला.
पण रेडिओ सगळ्यांचा एकच. तिनेही ऐकलं. आजीचा आवाज. आजी उगाच ओरडणार नाही, असं वाटलं असेल— चाकं वीतभर वर होती. टेकत होती माझी पोर. नाक उचललं. झाडांपलीकडे—

शनिवार
साहेब फॉर्म घेऊन आला. चालकाची चूक. फाडून तोंडावर फेकला. चूक तिची नाही. पट्टी उघडी ठेवणाऱ्याची. आणि या जिभेची. म्हणाला, दुसरा फॉर्म आहे.

रविवार
चार. इंजिनं दोन. एक त्याचं. दुसरं—
रेडिओत विचारतेय. आजी, उतरू का.
बोलणार नाही. तोंड उघडलं की— नाही. वही घेऊन पट्टीवर आले. लिहून वर धरते, मोठ्या अक्षरांत. साहेब तिकडून हात हलवतोय. हलव, मेल्या. आवाज खाली येतोय. बयो, पट्टी मोकळी आहे, कुणी नाही, मीच आहे, वर जाऊ नकोस, उतर, उत—