भिंतीवरचा चौकोन

नागसेनदादा,

परंड्याचं आपलं घर विकायला काढून दोन वर्षं झाली. काल कुठं तिसरं गिऱ्हाईक आलं, एक जोडपं. तू पुण्याहून फोनवर बजावलं होतंस, "बाबासाहेबांचा फोटो काढून ठेव, लोक बिचकतात." मी काढला. राग तुझ्यावर जास्त आहे की स्वतःवर, हे अजून ठरत नाही.

फोटोच्या जागी भिंतीवर उजळ चौकोन राहिला होता. त्या बाईंनी विचारलं, "इथं कुणाचा फोटो होता?" मी बिस्किटांची बशी पुन्हा पुढं केली. आईनं कपाटामागून फोटो काढून आणला.

"ह्यांचा. बसा, च्या टाकते."

"नको, आज उपास आहे," म्हणत दोघंही उठली.

"अन् मघाशी बिस्किटं खाल्ली की!" आई म्हणाली.

ती गेल्यावर आई माझ्याकडं वळली. "ह्यांच्यामुळं कॉलेज शिकलीस, अन् ह्यांनाच कपाटामागं घातलंस व्हय गं?"

मी तुझं नाव सांगितलं नाही.

फोटो परत खिळ्यावर लावलाय. घर विकायचंच असेल, तर तू ये आणि आईच्या डोळ्यांदेखत तूच उतरव.

हे पाठवणार नाही. रविवारी ती तुझ्या फोनची वाट बघते.

पौर्णिमा