तपासून परत

१४ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. बाबांना घरी आणलंय. उजवी बाजू पूर्ण गेली. पुढच्या खोलीत माझ्या शिलाईच्या मशीनशेजारी त्यांची खाट टाकली आहे, म्हणजे कपडे उसवता उसवता त्यांच्यावर नजर राहते. गिऱ्हाइकं हल्ली दारातूनच कपडे देतात आणि काढता पाय घेतात.

वाचाही गेली. पाणी हवं तर पाणी म्हणता येत नाही. ज्यांनी जन्मभर शाळेत व्याकरण, सुलेखन आणि लॅटिन शिकवलं, आपण अर्धं वाक्य बोललो तर जेवणाच्या ताटावर पूर्ण करायला लावलं, त्यांची ही गत. बघवत नाही गं.

पण एक चमत्कारिक गोष्ट आहे. सकाळी तोंड पुसून दिलं की ते डोळे मिटतात आणि एका चालीत काहीतरी म्हणतात, अगदी स्वच्छ. मला ऐकू येतं ते असं: मेन्सा, मेन्साम, मेन्साय, मेन्साय, मेन्सा. मग थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. पुढचं विसरले असं समजून मी पेला पुढे करते, असू दे बाबा म्हणते. ते भिंतीकडे तोंड फिरवतात. कधी रडतातही. डॉक्टर म्हणाले, बरळणं आहे, मनावर घेऊ नका.

हे तुमचं लॅटिन असावं. मला त्यांनी ते शिकवलं नाही. हिच्या डोक्यात शिरणार नाही म्हणून मला नुसतं अक्षर गिरवायला बसवलं आणि तुला आत वर्गात नेलं. पुढचा झटका कधीही येईल असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. तू येऊन जा.

बाकी ठीक. आठवण ठेव.
तुझी
ताई

२३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण मी येणार नाही, आणि का ते तुला ठाऊक आहे.

घराबाहेरून लिहिलेलं प्रत्येक पत्र बाबा लाल शाईनं तपासून परत पाठवायचे, खाली शेरा मारून. आपण दोघी त्यावर किती हसलोय! मावशीनं तर लिहिणंच सोडलं होतं. बाळ गेलं तेव्हा मी दवाखान्याच्या खाटेवरून त्यांना लिहिलं. काय लिहिलं ते मलाही आठवत नव्हतं. नंतर माझंच पत्र परत आलं तेव्हा कळलं. जागोजागी लाल रेघा, आणि खाली शेरा: अक्षर सैल, वाक्ये अपुरी. बाळाबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला आता एक ओळही लिहायची नाही.

तू म्हणशील, त्यांच्याच विद्येवर तुझी भाकरी चालते. चालते खरी. बागेच्या काचघरात बसून झाडांच्या पाट्या लिहिते, लॅटिन नावं, ब्रशनं. आता पाट्या छापायचं यंत्र आलंय. साहेब म्हणाले की ते चुकत नाही आणि रजाही मागत नाही. वसंत ऋतूच्या पाट्या झाल्या की माझी जागा जाणार. म्हणजे व्याकरण, अक्षर आणि लॅटिन, तिन्ही माझ्या हातात आहेत आणि तिन्ही आता कुणाला नकोत. बाबांना तरी त्यांचा काय उपयोग झाला? मुलीचं पत्र वाचायला बसले आणि फक्त चुका वाचल्या.

तुझी मात्र काळजी वाटते. पाठ सांभाळ, त्यांना एकटी उचलू नकोस.
तुझी
चिमणी

१ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. आ. वि. वि.

तू मला काय नव्यानं सांगतेस? तो शेरा कळल्यावर मी बाबांशी अबोला धरला होता. ताट वाढायचे आणि उठून जायचे. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आपण सगळे एका माळेचे मणी.

येऊ नकोस. मी पाय धरणार नाही. पण हा माणूस रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघतो, आणि मी ठोंब्यासारखी पेला घेऊन उभी असते. मला ते उरलेलं आपल्या लिपीत लिहून पाठव. काय विसरलेत ते तरी सांगेन त्यांना. एवढं कर. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी कर.

आणि अक्षर जरा बरं काढ. पाट्या लिहिणारी म्हणवतेस आणि मला पत्र लिहिताना कोंबडीचे पाय!
तुझी
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं आणि आधी हसू आलं, मग काचघराच्या मागे जाऊन रडले. अगं, ते काही विसरलेले नाहीत! त्यांच्या वर्गात अर्धं मास्तरांचं आणि अर्धं मुलांचं. शब्द चालवताना एकवचन ते म्हणायचे आणि गप्प व्हायचे. अनेकवचन आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. आम्ही सुरू करेपर्यंत ते फळ्यापाशी तसेच उभे राहायचे, तास संपला तरी. ते वर्गाची वाट बघतायत, आणि तू त्यांना पाणी पाजतेस.

तुझं अर्धं हे: मेन्साय, मेन्सास, मेन्सारुम, मेन्सीस, मेन्सीस. शेवटचं दोनदाच, ती चूक नाही. तिसऱ्यावर सुरात जरा चढायचं आणि मग उतरायचं. अर्थ काही मोठा नाही, मेज. टेबल. एवढी वर्षं आम्ही टेबलाला हाका मारत होतो.

मी इथे पाट्या रंगवताना तुझ्यासाठी मोठ्यानं म्हणून बघितलं. माळी वळून बघायला लागला.
तुझी
चिमणी

२० नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. आ. वि. वि.

तुझा कागद मशीनच्या दिव्याखाली चिकटवून पाठ केला. शिवण घालता घालता म्हणत होते, तर गिऱ्हाईक घाबरलं.

पहिल्या सकाळी ते थांबले आणि मी सुरुवात केली. त्यांनी डोळे उघडले. पण माझी गडबड झाली, दुसरं आणि तिसरं उलट म्हटलं. त्यांनी डाव्या हातानं खाटेच्या कडेवर टकटक केलं. चिमणे, आपण चुकलो की करायचे तीच टकटक! पुन्हा. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकले, पुन्हा टकटक. बरोबर आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि एकवचन नव्यानं सुरू केलं. त्या दिवशी एकही शिवण झाली नाही. या वयात मला वर्गात घेतलं एकदाचं. मी पदरात तोंड घालून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आता रोज सकाळी आमची शाळा भरते. एवढंच उरलंय त्यांच्यात, बाकीचं गेलं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, फार वेळा पाठ केलेलं कधी कधी शेवटपर्यंत टिकतं. उपयोग विचारत होतीस ना? मला दुसरा माहीत नाही. पण या खोलीत एक माणूस आहे आणि त्याच्यापर्यंत जायला हा एकच दरवाजा उघडा आहे.

तुला न विचारता एक गोष्ट केली. तुझं ऑक्टोबरचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, बाळाच्या मजकुरासकट. ते रडले. पण हल्ली ते कशानंही रडतात, म्हणून खात्रीनं काही सांगत नाही. राग आला असेल तर माझ्यावर काढ.

खाणं जवळजवळ सुटलंय. लवकर ठरव.
तुझी
ताई

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला. दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरले. मग संध्याकाळी बसून बाबांना पत्र लिहिलं, सोबत जोडलंय. आत विशेष काही नाही. झाडं, हवा, यंत्र, माझी खोली. आणि शेवटी बाळाचं, यावेळी पूर्ण वाक्यांत.

बाकी मजकुरात मुद्दाम चुका केल्यात. ऱ्हस्वाचं दीर्घ केलंय, दोन वाक्यं अर्धीच सोडलीत, अक्षरही बिघडवलंय. लाल पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दे. तपासू देत. माझ्या चुका सोडून त्यांना दुसरा धंदा काय होता? महिनाअखेरीला पाट्या संपल्या की निघते. माझं अर्धं त्यांना माझ्या तोंडून ऐकवेन. तोवर त्यांना थोपवून धर.
तुझी
चिमणी

१६ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. आ. वि. वि.

फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही. तू लगेच निघाली होतीस, वादळानं गाड्या बंद झाल्या त्याला तू तरी काय करणार? स्वतःला बोल लावून घेऊ नकोस.

त्या सकाळी त्यांनी मेन्सा म्हटलं आणि पुढचं येईना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांचंही अर्धं मीच म्हटलं आणि माझंही. सगळं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तिसऱ्यावर चढून. त्यांचा हात खाटेच्या कडेवर होता. टकटक झाली नाही. माझं बरोबर आलं म्हणून, की ते आधीच गेले होते म्हणून, ते मला कधीच कळणार नाही.

तुझं बाबांना लिहिलेलं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं. खाट उचलून ठेवली होती. काय करावं सुचेना, टेबलावर तसंच ठेवून दिलं. मग घरची रीत मोडायला नको म्हणून लाल पेन्सिल घेऊन मीच बसले. सोबत परत पाठवते आहे. व्याकरण मला बेताचंच येतं, तेव्हा काही चुका राहून गेल्या असतील. बाळाच्या ओळींना मी पेन्सिल लावली नाही. अक्षर मात्र मला कळतं. मुद्दाम बिघडवलंस तरी हात तुझाच दिसतो. खाली शेरा दिलाय, बाबांच्या जागी, जमेल तसा:

वाचले. घरी ये.

तुझी
ताई