हिरव्या तारेतला करंट

भाऊ, मागच्या उन्हाळ्यात गोंडपिपरीकडच्या एका घरी मी कूलर जोडायला गेलो होतो. वायरिंग तुमच्या हातची. तुम्हाला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि मी तुमचं काम अर्धवट शिकून आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंत भटकत होतो. आता लोक आधी फोनला फोटो दाखवतात, मग मिस्त्रीला बोलावतात. मीही फोनलाच विचारतो. त्यातलं एआय खरंच हुशार आहे. राइस मिलच्या मोटरचा आवाज ऐकवला तर बेअरिंग गेलं म्हणून सांगतं. तुम्ही मोटरला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायचे, डोळे मिटून, आणि मिलवाला उगाच श्वास रोखून उभा राहायचा. असो, मी भलतीकडेच चाललो.

भिंतीतून तीन तारा आल्या होत्या, दोन काळ्या, एक हिरवी. मी फोटो काढला. फोननं लिहिलं, हिरवी बहुधा अर्थिंगची, ती कूलरच्या बॉडीला जोडा, पण आधी टेस्टर लावून पाहा. मी 'जोडा'पर्यंतच वाचलं. बटण दाबलं, कूलर फिरेना, म्हणून मीटर बघायला बाहेर गेलो. तेवढ्यात घरातल्या मावशींनी कूलरच्या पत्र्यावर हात ठेवला.

ओरडा ऐकून मी बाहेरूनच मेन स्विच पाडला, त्या वाचल्या. पण तळहात भाजला, त्या हाताने अजून सूप धरता येत नाही. त्यांचा मुलगा माझ्या अंगावर आला. "काय करून राह्यला बे तू?" मी म्हणालो, "मी नाई. जुन्या मिस्त्रीनंच हिरव्या तारेत करंट सोडला हाय." तसं ते खोटं नव्हतं. सगळे मावशींना घेऊन दवाखान्यात गेल्यावर मी बोर्ड उघडला. झाकणाच्या आत पेन्सिलीनं तुमचं अक्षर: 'लाल तार भेटली नाई. हिरवीत करंट हाय.' असं तुम्ही घरोघरी लिहायचे. एकदा मी हसलो होतो, तर मान वर न करता म्हणालात, "काऊन हासतं बे? उद्या मी नसन, तू येशीन. तुलेच लिहून राह्यलो."

मी झाकण लावून चारही स्क्रू घट्ट केले.

चार दिवसांत तुमची चूक गावभर झाली. मग तुमच्या घरच्या बाई स्वतः आल्या. मावशींच्या खाटेजवळ खाली बसून म्हणाल्या, "त्यायच्या हातून चुकलं असन व माय. त्यायले माफ कर." मावशी म्हणाल्या, "भाऊ तसे नव्हते, बाई." बाईंनी नुसता पदर तोंडाला लावला. मी तिथेच उभा होतो, बोर्ड माझ्या खांद्याला लागत होता. एक झाकण काढायचं होतं. मी नाही काढलं.

बाईंना मीच गाडीवर घरी सोडलं. रस्त्यात त्या म्हणाल्या, "तू होता म्हणून तिचा जीव वाचला. त्यायनं एक पोरगा तरी चांगला शिकवला." मी गाडी चालवत राहिलो.

हे खरं तर बाईंना वाचून दाखवायचं म्हणून लिहिलं, भाऊ. कागद खिशात घेऊन दोनदा त्यांच्या दारात गेलो. दोन्ही वेळा त्यांनी आत बोलावलं, आणि मी चहा पिऊन आलो.