तीन काळ्या टोमॅटोंची परीक्षा

१० सप्टेंबर २००६, रविवार. सकाळी ८
आज बी टाकलं. पुतण्या श्रीशैल गणपतीला अमेरिकेहून आला तेव्हा तीन पाकिटं घेऊन आला. चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, ब्लॅक प्रिन्स. तिन्ही वाण जुने, लोकांनी घरचं बी धरून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. फळ काळपट. म्हणाला, काका, हा खाल्लात की बाजारचा टोमॅटो विसराल. मी म्हणालो, खाऊन नाही, मोजून सांगतो.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं उसाच्या रसाची गोडी मोजली. ही गोडी, म्हणजे ब्रिक्स, मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर निवृत्तीला भेट मिळाला होता. दोन वर्षं कपाटात पडून. आता त्याला काम.

मुतखड्यामुळे मला टोमॅटो बंद. गोडी यंत्र मोजेल, पण चवीला माणूस लागतो. परीक्षक: सौ. अक्काताई. दहापैकी गुण द्यायचे. ही म्हणाली, मी काय गुण दिऊ, माझी सातवी झालीया. म्हटलं, जीभ सातवीची चालते.

संकल्प: मार्चअखेर तुलनात्मक लेख. शेतकी मासिकाला पाठवायचा. लेखात भावना नको. आकडे.

२७ सप्टेंबर
पाऊस थांबत नाही. दुधाच्या पिशव्यांत छत्तीस रोपं होती. सतरा मानेत कुजून आडवी झाली. पिशव्यांना खालून भोकं पाडा, असं ही म्हणाली होती. पाणी वाया गेलं असतं म्हणून पाडली नाहीत. तसं पाहिलं तर माझंही बरोबर होतं.

१५ ऑक्टोबर
मागच्या अंगणात लावणी. उरलेल्या एकोणिसांतली जगली नऊ. प्रत्येक वाणाची तीन. इतकी नेमकी वाटणी झाली. शुभलक्षण.

२९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ९
पहिलं फळ. चेरोकी पर्पल. वजन २१० ग्रॅम. ब्रिक्स ६.१. रंग आमसुलासारखा, देठाजवळ हिरवट. आतून काळसर लाल.

अक्काताईनं फोड तोंडात घेतली, डाव्या गालात धरली, डोळे मिटले. म्हणाली, झोंबतंय. विचारलं, गोड का आंबट ते सांग. म्हणाली, ते कळंना. डाव्या अंगाला झोंबतंय नुसतं.

गुण: ४. शेरा: आंबटपणा डावीकडे अधिक जाणवतो.

४ जानेवारी २००७
ब्लॅक प्रिन्स. ८० ग्रॅम. ब्रिक्स ६.८. कागदावर हा चेरोकीपेक्षा सरस. ही म्हणाली, झोंबतंय. गुण: ३. यंत्र आणि परीक्षक यांचं जुळत नाही. दोष परीक्षकात असावा.

कारण सापडलं. मिश्री. तंबाखू तव्यावर जाळून सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावते. लग्न होऊन आली तेव्हापासून. तंबाखूनं चव बिघडते, गुण चुकतात. तपासणीच्या दिवशी मिश्री बंद केली. इतर दिवशी तिची मर्जी. मी कुणाच्या सवयीत पडत नाही.

१६ जानेवारी
संक्रांत होऊन गेली. बाजरीची भाकरी हिनंच थापली, खाल्ली मात्र नाही. टोचती म्हणाली. दुधात चपाती कुस्करून खाते. माझ्या मते फायद्याचं आहे. मऊ आहारानं जीभ तपासणीसाठी ताजी राहते.

२२ जानेवारी, सोमवार
तुलनेला साधा टोमॅटो हवा म्हणून लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणला. ही म्हणाली, ह्यो बी झोंबतोय.

मोठा निष्कर्ष. दोष वाणात नाही, मातीत आहे. बाजारचाही याच मातीतला. तीन पाट्या राख मिळवून आणली आणि बुंध्याशी घातली. राखेनं आंबटपणा मरेल.

राख घालताना ही पायरीवर बसून होती. म्हणाली, अवो, च्या बी झोंबतोय. आठ दिस झालं, गार करून पितोय मी.

चहा हा या अभ्यासाचा विषय नाही.

३० जानेवारी, मंगळवार
शेजारची चिमणाबाई आली होती. हिला उन्हात बसवलं आणि म्हणाली, आक्का, आ कर की. नीट कर. अगं, आ कर म्हनतोय, लाजत्यास काय? हिला पुरता आ करता येईना. दोन बोटं जेमतेम जातात.

चिमणाबाई माझ्याकडे आली. भावजी, आत पांढरा चट्टा हाय, मदी लालभडक. ते टोमॅटो ठेवा बाजूला, हिला दवाखान्यात न्या.

चिमणाबाईला ब्रिक्स म्हणजे काय ते माहीत नाही. तरी मीही पाहिलं. उजेड पुरेसा नव्हता.

ब्लॅक क्रिम अजून व्हायचा आहे. पहिलं फळ चार-पाच दिवसांत पिकेल. एवढ्यासाठी अभ्यास अर्धवट टाकणं बरं नव्हे. हिला सांगितलं, क्रिमचा निकाल लागला की लगेच डॉक्टर. म्हणाली, बरं. मग थोड्या वेळानं, कधी संपतंय तुमचं?

संकल्प: ५ फेब्रुवारी, सोमवार, डॉक्टर. नक्की.

५ फेब्रुवारी, सोमवार
क्रिमचं फळ रात्रीत चिरलं. आत मुंग्या. काल पाणी जास्त झालं. कोण देतं पाणी, तर मीच, पण ऊनही फार होतं. पुढचं फळ आठवड्यानं. डॉक्टर पुढच्या सोमवारी.

मेडिकलमधून तोंडाला लावायचं मलम आणलं. मेडिकलवाला म्हणाला, काका, डॉक्टरना दाखवून घ्या. ते सगळ्यांनाच तसं सांगतात.

१२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.३०
ब्लॅक क्रिम. २४० ग्रॅम. ब्रिक्स ७.०. अक्काताईनं फोड घेतली, भिंतीकडे तोंड केलं आणि लगेच वळून म्हणाली, धा.

दहापैकी दहा. पुन्हा विचारलं, झोंबलं नाही? न्हाय. ग्वाड हाय, ब्येस हाय. झालं न्हवं आता?

राख लागू पडली. लेखाचं शीर्षक सुचलं. पण एका फळावर काही सिद्ध होत नाही. लॅबमध्ये आम्ही एका नमुन्यावर कधी सही केली नाही, तीन लागतात. तिला समजावून सांगितलं, आणखी फक्त दोन फळं. चप्पल घातली होती तिनं. ती काढून आत गेली.

१६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. हिचा उपास. साबुदाणाही नको म्हणाली, केळंही नको. नुसतं पाणी, तेही घोट घोट. हिच्यासारखा कडक उपास आमच्या घरात कुणी केला नाही.

ब्लाउज सैल झालेत. मुंडे आत घेत बसली होती.

२१ फेब्रुवारी, बुधवार
क्रिम, दुसरं फळ: १०. तिसरं फळ: १०. तिसऱ्याची फोड हातात देण्याआधीच म्हणाली, धा. चवीची स्मृती किती पक्की असते याचं हे उदाहरण. लेखात घ्यावं.

दुपारी ४
कुंपणावरून चिमणाबाईनं हाक मारली. भावजी, आता सांगतो, मग राग धरा न्हायतर काय बी करा. आक्का ती फोड पदराखाली धरून आमच्या शेळीला घालती. तिच्या तोंडात दूध ठरंना, टोमॅटो कुठला ठरतोय? तुमचं एकदाचं संपावं आनि तिला दवाखान्यात न्यावं, म्हणून धा धा म्हणती. गुण पायजेत तर शेळीला इचारा.

तिन्ही दहा रद्द. फेरचाचणी

फेरचाचणी हा शब्द लिहून थांबलो. खोडत नाही. वहीत खाडाखोड करायची माझी पद्धत नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टर. हातमोजा घालून बोट आत फिरवलं. हिनं खुर्चीचा दांडा धरून ठेवला. डॉक्टरांनी मला विचारलं, कधीपासून आहे हे?

मी म्हणालो, पंधरा-वीस दिवस.

तारखा या वहीत आहेत, वही पिशवीत होती. ऐन वेळी आकडा आठवला नाही. माणसाचं असं होतं.

अक्काताई रुमालाआडून म्हणाली, संक्रांतीच्या आदीपास्नं. डॉक्टरांनी तिचं लिहून घेतलं. डाव्या गालाचा तुकडा तपासायला पाठवला.

५ मार्च
रिपोर्ट आला. कॅन्सर. गालातून जबड्यात उतरलाय, मानेत गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात आणलं असतं तर कदाचित चट्टा काढून भागलं असतं. मी विचारलं, आंबटानं तर झालं नसेल? म्हणाले, टोमॅटोचा काही संबंध नाही. मिश्रीनं झालंय.

तीन वाण निर्दोष. तेवढं सिद्ध झालं.

घरी आल्यावर ही म्हणाली, झाडास्नी पाणी घाला, माना टाकल्यात त्यांनी. घातलं.

२४ मार्च, शनिवार. सकाळी १०
हॉस्पिटल. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. डावा जबडा काढलाय, जिभेचा कडेचा भागही. नाकातून नळी. पातळ काहीही चालतं म्हणाले. सिस्टरला विचारलं, काळ्या टोमॅटोचा रस गाळून चालेल का, साध्यापेक्षा गोड असतो. म्हणाली, चालंल की बाबा, पण नळीला कसली चव?

हिला बोलता येत नाही. सिस्टर म्हणाली, वही-पेन द्या, काय हवं ते लिहून सांगतील. पिशवीत हीच वही होती. मागचं कोरं पान उघडून दिली.

तिनं ते पान सोडून वही पहिल्यापासून उघडली. ओळीखाली बोट धरून वाचते, शाळेतल्यासारखी. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. खाली फळांचे गाडे होते. ते मोजले, सात. परत आलो तेव्हा बोट १२ फेब्रुवारीवर होतं. बराच वेळ तिथंच होतं. मग तिनं शेवटपर्यंत वाचलं, वही मिटली, पेनला टोपण लावलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. डोळे मिटून घेतले.

हिचा चष्मा घरी राहिला, तिला काही वाचता आलं नसणार, असं आत्ता लिहिणार होतो.

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. मीच पुसून लावला होता.