धाकट्याचा कोरा आवाज

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
काम असं : धाकट्या भावाने गेल्या वर्षी माझ्या मागच्या खोलीत एक गाणं रेकॉर्ड केलं. नंतर हिवाळ्यात तो गेला. गाणं माझ्या कॉम्प्युटरवर राहिलं. काल त्याची मुलगी आली होती. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चाललीय. म्हणाली, "मोठेकाका, बाबांचं गाणं द्या ना. त्यांचा आवाज विसरायला लागलेय मी. परवा आठवायला गेले, तर भलत्याच कुणाचा तरी आला."
सोळा तारखेला न्यायला येणार. मी म्हटलं, देतो, पण पक्कं मिक्स करून. ती म्हणाली, कच्चं चालेल. लहान आहे. तिला काय कळतंय.

४ मार्च
श्रीगणेशा. आवाजावर डीले लावला. डीले लावला की गायलेलं जरा थांबून परत येतं, मग आणखी हळू परत येतं, मग आणखी. लगेच भारदस्तपणा आला. त्यावर फिल्टर. फिल्टरने आवाजातला वरचा धारदार भाग कापला की माणूस बंद दाराआड गातोय असं वाटतं. फार बरं वाटलं. म्हणजे मिक्सला.
हिने चहा आणून ठेवला. म्हणे, "आधी एकदा भावजींचा आवाज साधा ऐका तरी." म्हटलं, अनुभवी माणसाला कोरा आवाज ऐकावा लागत नाही, अंदाज येतो. ही म्हणाली, "घाबरता तुम्ही."
घाबरत नाही. नोंद असावी.
संकल्प : प्लगइन, म्हणजे आवाजाला लावायचे हे इफेक्ट, दोनच. साधेपणा हीच कला.

६ मार्च
प्लगइन पाच. पण सगळी आवश्यक.

८ मार्च, शनिवार
दुपारी कीबोर्ड वाजवणारा मित्र आला. त्याला फिल्टर कसा फिरवतात ते दाखवलं. तासभर एकच बटण इकडून तिकडे, केसभर. प्रत्येक वेळी आवाज कसा उमलतो ते त्याला समजावून सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "काय सुंदर उमलतोय रे. फक्त ते प्लगइन बंद आहे."
बंद होतं खरं. तिसरा फिल्टर. बाकीचे चालू होते, त्यामुळे विशेष बिघडलं नाही. उलट यावरून एक सिद्ध झालं : माझा कान प्लगइनवर अवलंबून नाही.
मित्र जाताना पायरीवर बसून हसत होता. त्याला दमा आहे, जपायला हवं.

१० मार्च
आज विचित्र झालं. गाणं संपलं. डीलेची शेपटी विरत गेली, संपली. मी हेडफोन काढणार, तेवढ्यात कुणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. दाराआडून यावी तशी कुजबुज. पण आवाज धाकट्याचा. गाणारा नव्हे, बोलणारा.
पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच बोलला. मग तेच आणखी हळू. मग आणखी हळू.
भर सकाळ होती. खिडकीत ऊन होतं. तरी खोलीतला पंखा बंद केला. थंडी वाजत होती.

११ मार्च
तांत्रिक दोष असणार, म्हणून आज हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. ही स्वयंपाकघरातून आली, हातांना पीठ तसंच. दारात थांबली. म्हणाली, "भावजी बोलले?"
मी म्हटलं, इफेक्ट आहे.
ही म्हणाली, "इफेक्टला मी चौदा वर्षं जेवायला वाढलंय. मला ओळखता येतं." मग म्हणाली, "काय म्हणाले?"
तेच तर कळत नाही.
तेव्हापासून ही या खोलीत येत नाही. चहा बाहेर स्टुलावर.

१२ मार्च
शांतपणे विचार केला. गाणं त्याचं, मिक्स माझं. माणूस गेल्यावर बोलणार तरी कशाबद्दल? मिक्सबद्दलच. सूर पसंतीचा वाटला. त्याला दाद द्यायची सवय नव्हती. जिवंत असताना माझ्या एकाही कामाला चांगलं म्हणाला नाही, "चालेल" म्हणायचा. आता उशिरा का होईना, पटलेलं दिसतंय.
शब्द नीट यावेत म्हणून फीडबॅक वाढवला. फीडबॅक म्हणजे आवाज किती वेळा परत यायचा ते. कमी ठेवला की दोनचारदा येऊन मरतो. शंभर टक्क्यांच्या वर नेला तर मरतच नाही. वाढत जातो.
शंभराच्या वर नेला.
वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. "कोण रडतंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, प्रयोग चालू आहे. त्या हिच्याकडे बघून "काळजी घ्या हो" म्हणाल्या. कुणाची ते नाही सांगितलं.

१४ मार्च
प्लगइन अकरा. गाणं जवळपास तयार. हिला बाहेरूनच ऐकवलं. म्हणाली, "विहिरीत पडलेत की काय भावजी?" शब्द एकही कळत नाही म्हणे. शब्दांचं काय एवढं? वातावरण बघा.
कुजबुज मात्र दरवेळी होते. आता मी तिथवर आलो की खुर्चीत सरळ बसतो. काल "हो रे" असं उत्तरही दिलं. सभ्यता म्हणून.

१६ मार्च, रविवार
पुतणी आली. तिला खुर्चीत बसवलं, मिक्स लावलं. डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावरही डोळे मिटलेलेच. मला वाटलं, भारावली.
मग म्हणाली, "मोठेकाका, बाबा कुठायत यात?"
मी डीले समजावायला लागलो. तेवढ्यात ही आत आली. पाच दिवसांनी या खोलीत पाऊल. पुतणीला म्हणाली, "ते स्क्रीनवरचे हिरवे दिवे आहेत ना, इफेक्टचे, एकेक करून सगळे बंद कर."
मला नेमकी तेव्हाच तहान लागली. बाहेर आलो. पाणी प्यायलो नाही, पण पिणार होतो. दार लोटलं होतं, तरी कोरं गाणं सगळं ऐकू येत होतं. दुसऱ्या ओळीत सुरातून उतरलाय. मध्ये एकदा खोकलाय. हे मी दुरुस्त करणारच होतो.
गाणं संपलं. आणि मग तो बोलला. स्वच्छ. दाराआडून नव्हे, जणू दाराशी.
"दादा, झालं ना रे? चल, बंद कर ते. भूक लागलीय. वहिनी कधीची ताटं घेऊन बसलीय."
मिक्सबद्दल एक शब्द नाही.
त्यावर लांबून दुसरा एक आवाज : "गप्प रे! रेकॉर्डिंग चालूय."
तो माझा. व्यावसायिक सूचना होती. शेपटी विरेपर्यंत कुणी बोलायचं नसतं. त्या दिवशी हेडफोन माझ्या कानांवर होते, डोळे स्क्रीनवर, तो काय म्हणतोय तिकडे लक्ष नव्हतं. कुठल्याही स्टुडिओत असंच असतं.
आत पुतणी हसायला लागली. "हे बाबा! काकू, हे बाबा! अगदी अस्से! 'भूक लागलीय'!" पुन्हा लावलं. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा हसणं थांबलं होतं.
बाहेर आली तेव्हा नाक लाल. म्हणाली, "गाणं राहू द्या मोठेकाका. मला एवढं बोलणंच द्या. पुरतं मला."
दिलं. फाईल अगदीच छोटी.
जाताना पाया पडली. मिक्सचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

१७ मार्च, सोमवार
सकाळी ही म्हणाली, "आज त्या खोलीत जाऊ नका." मी म्हटलं, जरा आवरायचंय.
आवरायला बसलो. मनात आलं, "गप्प रे" नंतरही रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, मग पावलं, मग काही नाही. पण त्या 'काही नाही'मध्ये तो काहीतरी बोलला असणार. हळू आवाजात. एकदा गप्प बस म्हटल्यावर ऐकणाऱ्यातला नव्हता तो.
तेवढाच तुकडा घेतला. डीले लावला. फीडबॅक शंभराच्या वर. फिल्टर सगळे उघडले. आवाज पूर्ण वाढवला आणि थांबलो.
काही येत नाही.
पुन्हा लावून बघितलं. जेवायची हाक आली, तरी बसून राहिलो.
प्लगइन बिघडलंय. कंपनीला तसं कळवलं आहे.