कायद्यात बसलेला डबा

आदरणीय वकीलदादांना, आपल्या एकुलत्या एका मेहुण्याचा, या खेपेला मान ताठ ठेवून, नमस्कार. गुडघे काय म्हणतात? वहिनी सांगतात तेवढं चालणं होतं ना? (अशिलांना शिस्त शिकवणाऱ्यानं स्वतःचं पथ्य मोडू नये.)

इकडे आम्ही जिंकलो. आपल्या बहिणीच्या शिवणखोलीत, अंगणापलीकडे, नेट पोचत नव्हतं. बाहेरगावची गिऱ्हाइकं व्हिडिओवर बोलता बोलता गोठायची आणि काम दुसरीकडे जायचं. म्हणून मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा अँटेना केला. चित्र अडखळत का होईना, यायला लागलं. त्यावर आपण फोनवर म्हणालात की घरी केलेलं वायरलेस म्हणजे थेट तुरुंग. (आपल्या तोंडात साखर पडो, असं काही मला तेव्हा म्हणवलं नाही.)

पुढे समोरच्या निवृत्त मास्तरांच्या डोळ्यांत छपरावरचा डबा खुपला. त्यांनी तक्रार केली आणि वायरलेस खात्याचे निरीक्षक मीटर घेऊन दारात हजर. त्यांनी समजावलं की डबा करायला बंदी नाही, पण नेटच्या यंत्राची ताकद आणि डबा ती एका दिशेला जितकी एकवटतो ते, दोन्ही मिळून मर्यादेत हवं. मी फक्त यंत्राचं पाहिलं होतं. बिस्किटांचा डबा कायदा हिशेबात धरेल, हे कोणाच्या डोक्यात येणार? हिचा चेहरा उतरला. डबा गेला की शिवणखोलीही गेली, हे तिला माझ्याआधी कळलं. मला फार वाईट वाटलं, दादा.

निरीक्षकांनी मीटर लावलं, पुन्हा लावलं, मग डब्यात डोकावून वायरच्या सांध्याला मी दिलेला कथलाचा डाग बराच वेळ न्याहाळला.

“हा सांधा धड असता तर डबा जप्त केला असता,” ते म्हणाले. “अर्धीअधिक ताकद इथंच मरतेय. तुम्ही कायद्यात आहात.”

लग्नापासून माझ्या हातांना नावं ठेवणाऱ्या आपल्या समस्त घराण्याला कृपया कळवावं. मास्तरांना मी आता येता-जाता हात करतो.

आपला विजयी मेहुणा

ता. क. ‘ताकद मरतेय’ एवढंच हिनं नेमकं ऐकलं. निरीक्षकांची पाठ वळताच तिनं डबा उतरवून सांधा स्वतः नीट केला. सुईत मुरलेला हात तो, डाग कसा मोत्यासारखा बसलाय.

ता. क. २ आता चित्र लख्ख येतं. आज तिला एका नाटक मंडळीचे सगळे पोशाख शिवायला मिळाले आणि ती घरभर गुणगुणत फिरतेय. म्हणजे आम्ही आता कायद्याबाहेर आहोत. सांधा पुन्हा बिघडवायला हवा. ते काम माझ्याइतकं कोणाला जमणार? पण तिला सांगायचं कोणी? आपण वकील आहात, तिचे थोरले भाऊ आहात आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या गावात राहता. तेवढं आपणच सांगा.