आधी कौतुक, मग सूचना

३ एप्रिल
गेले! दातांचे डॉक्टर आपले दोन्ही घोडे घेऊन दुसऱ्या पागेत गेले. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की खोगीर मापाचं नाही, घोड्याची पाठ सोलवटतेय, दिसत नसेल तर चष्मा लावा. चष्म्याचं बोलले नसते तर चाललं असतं म्हणे. हे ताईचं मत. पागा तिची, गिऱ्हाइकं तिची आणि फटकळ तोंड माझं. थोरली बहीण आहे, ऐकून घेतलं.
खोगीर मात्र अजूनही मापाचं नाहीच!

५ एप्रिल
ताईने चहा पिता पिता शिकवणी घेतली. "आधी कौतुक करायचं, मग अलगद सूचना, शेवटी परत कौतुक." मी विचारलं, एवढ्या कौतुकात ती सूचना सापडणार कशी? "शहाण्याला सापडते." बरं.

९ एप्रिल
माझ्या घोड्याच्या शेजारी वहिनींची (नात्यातल्या नव्हेत, पागेत सगळेच त्यांना वहिनी म्हणतात) तपकिरी घोडी बांधलेली असते. खरं तर त्यांच्या नवऱ्याची. ते हिवाळ्यात वारले. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी येतात, खरारा करतात, घोडीशी बोलतात आणि खायला घालतात. चंदी, गाजरं, पुन्हा चंदी. त्यांना घोड्यावर बसता येत नाही, त्यामुळे फिरवणारं कुणी नाही. घोडी नुसती फुगलीय. मानेवर चरबीची वळी आलीय, हाताला कडक लागते. त्यात पाणी दिलेल्या कुरणात कोवळं गवत. अशा घोडीचे पाय जातात — खुरांच्या आत आग होते, मग उभंही राहवत नाही.
नालबंद मला म्हणाला, "तुम्हीच सांगा बाई, तुमचं ऐकतील." स्वतः नाही सांगणार! आणि वहिनींचा चेहरा बघितला की माझेही शब्द घशात अडकतात. मी! जिचे कधीच अडकत नाहीत.

१० एप्रिल
सांगितलं. अगदी ताईच्या पद्धतीने. "वहिनी, घोडीला काय चकाकी आलीय! हल्ली छान भरलीय, नाही? आता थोडं फिरवलंत की आणखी शोभेल. तुमच्यासारखी निगा कुणी राखत नाही हो."
वहिनी हसल्या! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार." ताईने लांबूनच मान डोलावली. जमतंय की मला!

११ एप्रिल
स्वतःवर खूश. पावसाची भुरभुर, बाकी काही नाही.

१५ एप्रिल
अरे देवा. वहिनींनी चंदी वाढवली!
घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला सांगत होत्या, "एवढ्या जाणकार बाई, त्या म्हणाल्या घोडी छान भरलीय. हे असते तर किती खूश झाले असते." मी गवताचा भारा घेऊन भिंतीआड उभी. तेव्हाच पुढे होऊन बोलायला हवं होतं. नाही बोलले. ताईला सांगितलं तर म्हणाली, "आत्ता कुठे सावरतेय ती. पुन्हा एकदा हळूच सुचव."
हळूच सुचवलं. वहिनींनी हसून माझ्या हातात गाजर दिलं, घोडीला भरवायला. मी भरवलं!

२२ एप्रिल
व्हायचं ते झालं. घोडी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खुरं तापलेली. जागची हलेना. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा वहिनी म्हणत होत्या, "पण ती तर किती छान भरली होती!" आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी दुजोरा द्यावा म्हणून! मी मूग गिळून गप्प. लाज वाटते लिहायला.

२६ एप्रिल
एक्स-रे आला. खुराच्या आतलं हाड सरकलंय. डॉक्टर वहिनींना म्हणाले, "औषधं चालू ठेवू, आशा सोडायची नाही." त्या पाणी आणायला गेल्यावर मला हळूच म्हणाले, फारशी आशा नाही. हेही ताईच्याच शाळेतले!
मग मात्र राहवलं नाही. वहिनींना सगळं सांगून टाकलं. मला आधीपासून दिसत होतं, मी ते कौतुकात गुंडाळलं, तुम्हाला कळणार तरी कसं. वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
बादली खाली ठेवून म्हणाल्या, "यांच्या आजारपणातही सगळे असंच बोलायचे. डॉक्टर, दीर, नणंदसुद्धा. 'चेहऱ्यावर तेज आलंय.' 'आता सुधारतील.' मी घर रंगवायला काढलं होतं हो. हे परत येणार म्हणून."
ताई दारातच उभी होती. तिने ऐकलं.

२९ एप्रिल
घोडी सकाळपासून आडवी. वहिनी तिच्या मानेशी बसलेल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही सांगा. उठेल?"
"नाही, वहिनी."
"मग डॉक्टरांना बोलवा, सोडवा म्हणावं तिला. पण त्यांना थोडं बाहेर थांबायला सांगा. या वेळी तरी मला निरोप घेऊ द्या."